बाई, तिथं जायला किती पैसे लागतात?

मुलांनो,

मागच्या वर्षीची गोष्ट. मार्च महिना होता. वर्गात जगाचा नकाशा टांगला होता आणि प्रत्येकानं पुढे येऊन एका देशावर बोट ठेवायचं, त्या देशाबद्दल एक गोष्ट सांगायची, असा खेळ चालला होता. एका मुलानं आफ्रिका खंडाच्या अगदी खालच्या टोकावर बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिका! "इथं जंगलात सिंह असतात," तो म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "बाई, तिथं जायला किती पैसे लागतात?"

झालं! सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "आधी कर्जतला तर जाऊन ये!" पोरगा गप्प जागेवर जाऊन बसला. डबा खायच्या सुट्टीतही तो कुणाशी बोलला नाही.

खरं सांगू का? मला त्या हसण्याचा राग आला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. तुम्हीच बघा, सहलीचा विषय निघाला की आपण मोठी माणसं "छे, आपल्याला कुठलं परवडतंय!" असं म्हणून मोकळी होतो. परवडत नाही म्हणजे किती कमी पडतात? शंभर, हजार, की लाख? ते कुणी मोजतच नाही. हा मुलगा मात्र "किती?" असं विचारत होता. 'किती' म्हटलं की ते गणित झालं, आणि गणित सोडवायला घेतल्याशिवाय ते सुटतं की नाही हे कसं कळणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पाच रकाने आखले. प्रवास, मुक्काम, जेवण, तिथलं फिरणं आणि अडीअडचण. आधी दक्षिण आफ्रिकाच घेतली. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट असं लिहीत गेलो, तेव्हा पहिल्याच रकान्यात आमचा फळा भरला! पण एक मजेची गोष्ट मुलांना कळली. तिथं क्रूगर नावाचं मोठं अभयारण्य आहे. १९२६ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या जंगलात पर्यटकांसाठी कुंपण घातलेले तळ आहेत, त्यांत लहान लहान झोपड्या असतात. संध्याकाळी तळाचे दरवाजे बंद होतात. कित्येक कुटुंबं आपला शिधा बरोबर नेतात आणि तिथंच स्वयंपाक करून जेवतात. त्यामुळे हॉटेलातल्या जेवणाचा खर्च वाचतो.

"म्हणजे बाई, तेसुद्धा आपल्यासारखं डाळ-तांदूळ घेऊन जातात?" एका मुलीनं विचारलं. आता वर्ग पुन्हा हसला, पण हे हसणं वेगळं होतं.

मग मी म्हटलं, "रकाने तसेच ठेवू आणि ठिकाण बदलू. आपल्या गाडीच्या मार्गावर, डोंगरावर, थंड हवेचं ठिकाण कोणतं?" पाच-सहा हात वर झाले. माथेरान!

पहिला रकाना : प्रवास

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांना माथेरान किती जवळ आहे, हे ठाऊकच नसतं. लोकलमध्ये बसलात की बदलापूर, वांगणी, शेलू आणि नेरळ आलंच. फक्त गाडी कर्जत किंवा खोपोलीची पकडायची. अंबरनाथ किंवा बदलापूरपर्यंतच येणाऱ्या लोकलमध्ये बसलात, तर मध्येच उतरावं लागेल! नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळते. त्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जाऊ देत नाहीत. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, चालत पाऊण तासाचा रस्ता. चालायचं नसेल, तर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोटी गाडी मिळते. नेरळ-माथेरान ही आगगाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट आहे! पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, अमन लॉज ते माथेरान तेवढी गाडी चालते. आणि हो, दस्तुरीला माणशी प्रवेशकर भरावा लागतो. तोही रकान्यात लिहायचा. असे बारीक खर्च लिहायचे राहतात आणि नंतर खिशाला भोक पडल्यासारखं वाटतं.

ज्यांना कोकणात किंवा दुसरीकडे एसटीनं जायचंय, त्यांनी हे गणित करा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. समजा, एका तिकिटाला शंभर रुपये पडतात. आई, बाबा, दहा वर्षांची ताई, आठ वर्षांचा दादू आणि शहात्तर वर्षांची आजी अशी पाच माणसं निघाली. किती पैसे? पाचशे म्हणाल, तर चुकलात! बाबांचे शंभर, आई आणि दोन मुलांचे पन्नास-पन्नास, आजीचे काही नाही. झाले अडीचशे. म्हणजे बरोबर निम्मे! फक्त आजीच्या वयाचा पुरावा बरोबर हवा. लांबच्या रेल्वेगाडीत मात्र नियम निराळा आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितलात, तर पूर्ण तिकीट पडतं.

दुसरा रकाना : मुक्काम

हा रकाना सगळ्यांत फसवा. माझीच फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणातल्या एका गावी गेलो होतो. फोटो बघून खोली ठरवली. "समुद्र अगदी दोन मिनिटांवर," असं फोनवर सांगितलं होतं. भाडं कमी होतं, म्हणून मी खुशीत आगाऊ पैसे पाठवून मोकळी झाले. तिथं गेलो तर काय! दोन मिनिटं खरी होती, पण मोटारीनं. आमच्याकडे कुठली मोटार? चालत पस्तीस-चाळीस मिनिटं. भर उन्हात, कडेवर लहान मुलगी. रोज रिक्षा करावी लागली आणि स्वस्त खोली चांगलीच महागात पडली. त्या माणसाला काय बोलणार? "चालत किती वेळ लागतो?" हे मीच विचारलं नव्हतं.

आता हे उदाहरण वहीत घ्या. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समुद्राजवळची खोली रोज बाराशे रुपये. लांबची खोली रोज आठशे रुपये. दोन रात्रींचे झाले चोवीसशे आणि सोळाशे. म्हणजे लांबची खोली आठशेनं स्वस्त. पण तिथून रिक्षाला एका वेळेस शंभर रुपये, आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन दिवसाला चार फेऱ्या. दोन दिवसांच्या आठ फेऱ्यांचे आठशे रुपये! मग वाचलं काय? काहीच नाही, उलट रिक्षाची वाट बघण्यात वेळ गेला. म्हणून खोलीचं नुसतं भाडं बघायचं नाही. भाडं अधिक जाण्या-येण्याचा खर्च, अशी बेरीज करायची.

आमच्या वर्गानं मग फोनवर विचारायच्या प्रश्नांची यादी केली. ती अशी :

१. स्टेशनपासून किंवा एसटी स्टँडपासून चालत किती वेळ लागतो?
२. एका खोलीत किती माणसं राहू शकतात? जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का?
३. पाणी दिवसभर असतं का? गरम पाणी किती ते किती?
४. जेवण तिथं मिळतं का? ताटाचे किती? लहान मुलांना अर्धं ताट देता का?
५. आपला शिधा आणला, तर स्वयंपाक करू द्याल का?
६. खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची?
७. सांगितलेल्या भाड्यात कर धरलाय का?
८. आमचं येणं रद्द झालं, तर आगाऊ रक्कम परत मिळेल का?

आठवा प्रश्न विचारायला मोठी माणसंसुद्धा संकोचतात. तुम्ही आठवण करून द्या!

आता राहायचं कुठं? लॉज म्हणजे एकच प्रकार झाला. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. कोकणात आणि इतर ठिकाणीही घरगुती निवास असतो, म्हणजे एखादं कुटुंब आपल्याच घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतं. तिथं जेवण घरचं आणि गप्पा फुकट! शेगाव, पंढरपूर, अक्कलकोट अशा ठिकाणी भक्तनिवास आणि धर्मशाळा आहेत. तिथं भाडं बेताचं असतं, पण नियम पाळावे लागतात, आणि सुट्ट्यांत किंवा उत्सवात जागा मिळेलच असं नाही. शिवाय यूथ हॉस्टेल आहेत.

यूथ हॉस्टेलची गोष्ट तर आमच्या शिक्षकांच्या अभिमानाची! जर्मनीत आल्टेना गावी रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. वर्गातल्या मुलांना घेऊन ते पायी सहलीला जात. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत जोराचं वादळ आलं. गुरुजी आणि मुलं एका खेड्यातल्या शाळेत थांबली. शाळेला सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. त्यात गवत पसरलं आणि सगळे झोपले. बाहेर वादळ चालू होतं आणि गुरुजींच्या मनात विचार सुरू झाला. सुट्टीत शाळा तर रिकाम्याच असतात, मग सहलीच्या मुलांना तिथं स्वस्तात राहू दिलं तर? त्यातूनच पुढे १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं यूथ हॉस्टेल सुरू झालं. आज ती जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. हल्ली फोनवर शोधून खोली ठरवतात. कधीकधी ते पानच खोटं असतं, नंबरही खोटा. पैसे गेले की गेले. म्हणून महामंडळाची जागा त्यांच्याच अधिकृत ठिकाणावरून ठरवावी. खासगी जागा असेल, तर तिथं आधी राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून नंबर घेतलेला बरा. तरीही फसवणूक झालीच, तर घाबरून लपवायचं नाही. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर लगेच कळवायचं.

उरलेले रकाने

जेवणाचा रकाना आईला विचारल्याशिवाय भरू नका. पहिल्या दिवशीची पोळी-भाजी घरून, बरोबर दशम्या, चटणी, लाडू, चिवडा. मग विकत घ्यायची जेवणं उरतात किती? तेवढीच मोजा. फिरण्याच्या रकान्यात माथेरानचे पॉइंट लिहाल, ते पायी चालत बघता येतात. घोड्यावर बसायचं असेल तर आधी भाव ठरवा आणि मगच बसा! अडीअडचणीच्या रकान्यात एकूण खर्चाचा दहावा भाग ठेवा. औषध, बदलावं लागलेलं तिकीट, तुटलेली चप्पल यासाठी तो लागतो. नाही लागला, तर पुढच्या सहलीला कामी येतो.

आणि वार बघा. शनिवार-रविवार, मे महिना आणि दिवाळीनंतरचे चार-पाच दिवस सगळीकडे गर्दी आणि भाडीही चढी. तीच खोली मधल्या वारी कमी भाड्यात मिळते. पावसाळ्यात मात्र स्वस्त मिळतंय म्हणून धबधब्याच्या आणि नदीच्या काठी मुक्कामाला जायचं नाही. २६ जुलै २००५ चा पूर आपल्या भागातल्या मोठ्या माणसांना विचारा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. आपली उल्हास नदी बघता बघता कशी चढते, हे त्यावरून कळेल.

सहावा रकाना

आता पुढची गोष्ट ऐका. चार दिवसांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. हातात वहीचं पान होतं. उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात ते काम करतात. मुलाची आई घरी जीन्सचे धागे कापते.

"बाई, पोरानं कागद पुढ्यात ठेवलाय," ते म्हणाले. "चौघांचा माथेरानचा खर्च काढलाय. बरोबर काढलाय. पण एक गोष्ट लिहिलेली नाही."

"कोणती?"

"माझे खाडे. मी पीसवर काम करतो बाई. दोन दिवस मशीनवर बसलो नाही, तर दोन दिवसांचे पैसे नाहीत. हिचं पण तसंच."

मुलांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? मला महिन्याला पगार मिळतो. सुट्टीचाही मिळतो. त्यामुळे पाच रकाने आखताना हा सहावा रकाना माझ्या डोक्यातच आला नाही. कित्येक घरांत तर तोच सगळ्यांत मोठा असतो, आणि बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात त्यामागे तोच असतो. ते मुलांना सांगत नाहीत, कारण सांगायला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सहावा रकाना आखला. 'बुडालेली कमाई.' सगळ्या वर्गाला त्याचा अर्थ सांगितला. कुणाचं नाव घेतलं नाही. पण तीन-चार मुलं एकदम शांत झाली, ती मी पाहिली. आणि तो मुलगा? त्यानं मान खाली घातली आणि आपल्या वहीत सहावी रेघ मारली.

घरी मग त्यांनी पुन्हा हिशेब मांडला. दोन रात्रींच्या जागी एकच रात्र केली. कारखान्याची आठवड्याची सुट्टी मधल्या वारी असते, त्या दिवशी सकाळी निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचं ठरवलं. म्हणजे खाडा एकच. मे महिन्यात पैसे जमणार नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरला. जून ते ऑक्टोबर रोज दहा रुपये डब्यात टाकायचे. साधारण दीडशे दिवस, दीड हजार रुपये. त्यात सगळा खर्च भागत नव्हता, पण उरलेला आकडा ऐकून वडील "परवडत नाही" म्हणाले नाहीत. "दिवाळीला बघतो," म्हणाले, आणि त्यांनी बघितलं.

खोली ठरवायला फोन कुणी केला असेल? त्या मुलानंच! वडील शेजारी बसले होते. आठही प्रश्न त्यानं यादी बघून विचारले. दोन ठिकाणी "जेवणाचं नंतर बघू" असं उत्तर आलं, म्हणून ती जागा सोडली. तिसऱ्या ठिकाणी नीट उत्तरं मिळाली, ती ठरली.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी त्याला विचारलं, "काय रे, कसं झालं माथेरान?" मला वाटलं, माकडं, घोडे, छोटी गाडी असं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "बाई, बाबा दुपारी झोपले. मी त्यांना दुपारी झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं." मग हळूच म्हणाला, "आणि बाई, गरम पाणी सातऐवजी साडेसातला आलं!"

पालकांसाठी दोन शब्द

मुलाला हिशेबात घ्या. "पैसे नाहीत" एवढंच सांगितलं, तर त्याला वाटतं आपण काहीतरी वाईट मागितलं. तेच सहा रकान्यांचा कागद समोर ठेवून सांगितलं, तर त्याला घर कसं चालतं ते कळतं. सहलीसाठी कर्ज मात्र काढू नका. एका रात्रीची सहल झाली नाही, तर एका दिवसाची करा. तिला मुक्कामाचा रकानाच नाही.

आता तुमचा गृहपाठ

मुक्कामाचा खर्च शून्य असलेली पहिली सहल तुमच्या दाराशीच आहे. वालधुनी नदीकाठचं अंबरनाथचं शिवमंदिर! तिथल्या शिलालेखात शके ९८२ असं साल आहे. म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजांच्या काळातलं मंदिर. जवळजवळ हजार वर्षांचं! लोक लांबून ते बघायला येतात आणि आपण रोज लोकलमधून पुढे निघून जातो. घरातल्या सगळ्यांची एका दिवसाची सहल आखा. सहाही रकाने भरा. सहावा रकाना बाबांना आणि आईला विचारून भरा, अंदाजानं नको. आणि तुमच्या वर्गात कुणी नकाशावर लांब कुठे बोट ठेवून "किती पैसे लागतात?" असं विचारलं, तर हसू नका. पाटी-पेन्सिल घ्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई